जत्रेच्या नाटकाला एलईडी भिंत: पडदे गुंडाळायचे का?

अंत्रुजकर
मंडळी, नमस्कार. गोव्याच्या फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात जत्रेला देवळाच्या मंडपात दरवर्षी नाटक होतं. नट गावचेच, दिग्दर्शकही गावचाच, आणि यंदा तो मी. नाटक ऐतिहासिक, तीन अंकी. आजवर भाड्याचे रंगवलेले पडदे यायचे: दरबार, जंगल, रस्ता, तुरुंग. या वर्षी मुंबईला स्थायिक झालेल्या एका महाजनांनी (देवस्थानच्या वंशपरंपरागत सभासदांनी) एलईडी भिंतीचा खर्च उचललाय, सोळा फूट बाय दहा. समिती खूश. तरुण पोरं त्याहून खूश: "किल्ला पेटलेला दाखवू, घोडे दौडवू!" ऑर्गन-तबल्याऐवजी पार्श्वसंगीतही रेकॉर्डेड करायचं म्हणतात.

माझं मत सरळ आहे. मागे एवढा मोठा टीव्ही लागला की नटाकडे कोण बघणार? पण "नको" म्हटलं तर देणगीदार दुखावतो. तेव्हा भिंत येणारच असं धरून सांगा, नाटक नाटक कसं ठेवायचं? मंडप तीन बाजूंनी उघडा, वर पत्रे, शेवटची रांग रंगमंचापासून साधारण 22 मीटर.

पात्रांव
घोडे दौडवू नका. स्क्रीनवर घोडे दौडतात आणि सरदार विंगेतून चालत येतो. आमच्या गावात मागून एक म्हातारा ओरडला होता, "घोडो खंय दवरलो रे?" (घोडा कुठे ठेवलास?) पुढचा सबंध प्रवेश हसण्यात गेला.

मधला पडदा
अंत्रुजकर, रंगवलेला पडदा तरी कुठे आपला होता? एकोणिसाव्या शतकात पारशी मंडळ्यांच्या थाटाचं बघून मराठी नाटकवाल्यांनी तो घेतला. आज त्याला आपण परंपरा म्हणतो. पणजीच्या कला अकादमीत जा. इमारत चार्ल्स कोरियांची, आणि मुख्य नाट्यगृहाच्या भिंतींवर मारिओ मिरांडांच्या शैलीत चितारलेले प्रेक्षक. म्हणजे खोटं दृश्य दाखवण्याचा शौक गोव्याला एलईडीच्या आधीपासून आहे.

पात्रांव
ते भिंतीवरचे प्रेक्षक हलत नाहीत हो. तोच तर फरक!

विंगेतला
पात्रांव यांनी एका ओळीत मुद्दा सांगितला. हलणाऱ्या गोष्टीकडे डोळा जातोच, कितीही चांगला नट समोर असो. मी नाट्यगृहांत प्रकाशाचं काम करतो, गेली काही वर्षं व्हिडिओचंही करावं लागतं, म्हणून जरा सविस्तर.

भाडेवाल्याला पहिला प्रश्न, पॅनल पी 3.9 चं की पी 2.6 चं? हा आकडा म्हणजे दोन ठिपक्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. ढोबळ हिशेब असा की जितके मिलिमीटर तितके मीटर तरी प्रेक्षक लांब हवा. पी 3.9 असेल तर चार मीटरच्या आत खुर्च्या मांडू नका, नाहीतर पहिल्या रांगेतल्या मानकऱ्यांना किल्ला नाही, नुसते ठिपके दिसतील.

खरी मारामारी उजेडाची. मैदानात वापरायची पॅनलं 4000-5000 निट्सची (निट म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप) असतात, दुपारच्या उन्हातही दिसावीत म्हणून. रात्रीच्या मंडपात ती तशीच सोडली तर पुढचा नट म्हणजे काळी आकृती. मग सगळे सांगतात, ब्राइटनेस उतरवा. उतरवाच, दहा टक्क्यांच्या आसपास आणा. पण फार खाली नेलं की गडद छटा मरतात आणि संध्याकाळच्या आकाशात पट्टे उमटतात. म्हणून चित्रच मुळात काळोखं करून घ्यायचं: दगडी भिंत, धूर, एका कोपऱ्यात मशालीचा उजेड. निळं-पांढरं मोकळं आकाश अजिबात नको. इंटरनेटवरून उचललेली दरबाराची चित्रं नेमकी झगझगीत असतात, बहुतेक नाटकं तिथेच मार खातात.

नट भिंतीपासून निदान दीड-दोन मीटर पुढे ठेवा. नटावर वरून आणि बाजूंनी पिवळसर उजेड टाका. भिंतीचा प्रकाश निळसर पडतो, त्यामुळे माणूस आपोआप वेगळा उठून दिसतो. आणि लॅपटॉपची सूचना, अपडेट, व्हॉट्सॲप, सगळं आधी बंद. एका स्पर्धेत राज्याभिषेकाच्या वेळी सिंहासनावर "बॅटरी लो" झळकलेलं पाहिलंय.

मडगावची माई
बॅटरी लो 😂 राजेच थकले असतील.

पेडण्याचा गडी
तुमची चर्चा चालू द्या. आमच्या पेडण्याकडे दशावतार रात्रभर चालतो. मागे साधा पडदा, पुढे एक बाकडं, बाजूला हार्मोनियम, पखवाज आणि झांज. त्या एका बाकड्याचं सिंहासन होतं, पर्वत होतो, शेज होते. लिखित संहिता नाही, संवाद तिथल्या तिथे. संकासुर (दशावतारातला राक्षस) आला की पोरं आईच्या मागे लपतात. निट्स किती ते कोणी मोजलेलं नाही.

मधला पडदा
पेडण्याचा गडी, मान्य. पण दशावतारी नट आयुष्यभर तेच करतो. आमच्याकडे सरदाराचं काम करणारा बँकेत कॅशियर असतो. त्याला जरा आधार लागतो.

पेडण्याचा गडी
मग भिंत कशाला, तालमी वाढवा.

डेसिबल
सगळे स्क्रीनच्या मागे लागलेत, पण जत्रेतलं नाटक बुडतं ते बहुतेक वेळा आवाजामुळे. चित्र वाईट असलं तरी लोक बसतात. संवाद कळला नाही की उठून फेरीत (जत्रेच्या बाजारात) खाजं घ्यायला जातात.

आपल्याकडची ठरलेली पद्धत म्हणजे रंगमंचाच्या कडेला चार-पाच माइक आणि वर छताला दोन टांगलेले. सगळे उघडे. उघड्या माइकांची संख्या दुप्पट केली की शिट्टी सुरू होण्याआधी मिळणारा आवाज 3 डेसिबलने घटतो. उलट बोलणारा माइकच्या निम्म्या अंतरावर आला तर 6 डेसिबल मिळतात. म्हणजे माइक वाढवून काही साधत नाही, कमी करून जवळ आणल्याने साधतं. ऑपरेटरने संहिता हातात धरून, जो बोलतोय त्याचाच माइक वर घ्यायचा. त्यासाठी तो निदान शेवटच्या चार तालमींना हजर हवा. भाडेवाला नाटकाच्या दिवशी संध्याकाळी पाचला येतो आणि नाटकाचं नावही त्याला माहीत नसतं, हे बदला. पैसे त्यात घाला.

मुख्य पात्रांना कॉलर माइक लावायचे ठरवलं तर यूएचएफचेच (वायफायपेक्षा खालच्या रेडिओ पट्ट्यात चालणारे) घ्या. स्वस्तातले 2.4 गिगाहर्ट्झचे तालमीत छान चालतात. नाटकाच्या रात्री चारशे माणसं खिशात मोबाइल घेऊन बसली की तुटायला लागतात, कारण वायफाय आणि ब्लूटूथ त्याच पट्ट्यात असतात आणि माणसांच्या शरीरातलं पाणी तो सिग्नल शोषतं. तालमीत तुमचा मंडप रिकामा असतो, म्हणून आधी काही कळत नाही.

आता तुमचे 22 मीटर. समोरचे दोन स्पीकर मोठे करून मागच्याला ऐकवायला गेलात तर पुढची रांग बहिरी होईल आणि पत्र्यामुळे सगळा गलबला होईल. मध्यावर छोटे दोन लावा आणि त्यांना उशीर द्या. आवाज मीटरला जवळपास 3 मिलिसेकंद घेतो. मधले स्पीकर पुढच्यांपासून 12 मीटरवर असतील तर सुमारे 35 मिलिसेकंद, वर आणखी 10-15. असं केलं की कानाला आवाज रंगमंचावरूनच येतोय असं वाटतं, कारण जो आवाज आधी पोचतो त्याची दिशा मेंदू धरतो. हल्लीच्या साध्या डिजिटल मिक्सरमध्येही ही सोय असते, फक्त कोणी वापरत नाही.

अंत्रुजकर
डेसिबलभाऊ, हे सोन्यासारखं आहे. एक अडचण: आमच्याकडे प्रॉम्प्टर (विसरलेली ओळ नटाला हळूच सांगणारा) आहे. कॉलर माइक लावला आणि नट विंगेजवळ गेला की प्रॉम्प्टर गावभर ऐकू येणार.

पात्रांव
मग प्रॉम्प्टरलाच बक्षीस द्या. नाहीतरी सर्वांत स्पष्ट उच्चार त्याचेच असतात.

डेसिबल
प्रॉम्प्टर विंगेत उभा न करता, रंगमंचाच्या पुढे मध्यावर खाली बसवा, दोन्ही बाजूंना आडोसा करून, पूर्वी बसायचा तसा. कॉलर माइकचं तोंड छातीकडे, प्रॉम्प्टरचं तोंड नटाकडे, मध्ये अंतर. पुष्कळ फरक पडतो.

आणि घाम. आपल्याकडच्या दमट हवेत, वर भरजरी अंगरखा, दुसऱ्या अंकापर्यंत ट्रान्समीटर भिजतो. नाटकवाले जगभर त्यावर निरोध चढवतात, बिनतेलाचा. हसू नका, खरंच.

मडगावची माई
हसत नाही. पण गावच्या मेडिकलमध्ये आणायला कोण जाणार ते आधी ठरवा. "नाटकाला हवेत" म्हटल्यावर अख्ख्या गावात चर्चा.

अंत्रुजकर
समितीच्या खजिनदारांना पाठवतो. हिशेबात काय लिहायचं तेही तेच ठरवतील.

घुंगुरवाळी
उशिरा आले. मी कथक शिकवते आणि नाटकवाल्यांपेक्षा आम्हाला व्हिडिओचा त्रास जास्त आहे, म्हणून लिहिते.

वार्षिक कार्यक्रमाला पालक म्हणतात मागे "काहीतरी हलतं" हवं. मग शिववंदनेला बर्फाचे डोंगर, त्यावर ढग वेगाने पळतात, आणि आमची मुलगी अभिनय करते ती कोणाला दिसत नाही. नृत्यात सगळं काम डोळ्यांत आणि बोटांत. त्यामुळे मी आता एकच नियम ठेवलाय: नर्तकी हलते तेव्हा चित्र थांबलेलं, ती थांबते तेव्हाच चित्राने हलायचं, तेही हळू.

त्याहून मोठा घोळ लयीचा. व्हिडिओ एकदा बांधला की त्याची लांबी ठरलेली. आम्ही तबला आणि पढंत (तोंडाने बोल म्हणणं) प्रत्यक्ष करतो. लय एके दिवशी जरा चढी, एके दिवशी उतरती. व्हिडिओ पुढे निघून जातो आणि आम्ही त्याच्यामागे धावतो. त्यावर उपाय असा काढला: सबंध दहा मिनिटांची फीत करायचीच नाही. छोटे तुकडे, प्रत्येक तुकडा फिरत राहणारा, आणि पुढचा तुकडा ऑपरेटरने समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, बटण दाबून आणायचा. त्यासाठी ऑपरेटरला सम कळली पाहिजे, म्हणून माझीच एक जुनी विद्यार्थिनी लॅपटॉपवर बसते. तिला संगणक शिकवायला जितका वेळ लागला त्याहून ऑपरेटरला तीनताल शिकवायला जास्त लागला असता.

घुंगरांसाठी रंगमंचाच्या कडेला जमिनीवर चपटे बाउंडरी माइक ठेवा. उभे माइक ठेवले तर घुंगरू क्षीण आणि गायकाचा आवाज मोठा असं होतं. आणि दोन्ही विंगांमध्ये नर्तकीच्या बाजूला तोंड करून स्पीकर पाहिजेच. प्रेक्षकांचे स्पीकर पुढे तोंड करून असतात, रंगमंचावर येतो तो उरलेला, पत्र्यावर आपटून परतलेला उशिराचा आवाज. त्यावर पाय टाकला की संपूर्ण गट मागे पडतो, आणि मग म्हणतात मुलींची तयारी नव्हती.

विंगेतला
समेवर बटण, हे नाटकवाल्यांनीही उचलण्यासारखं आहे. नाटकात समेच्या जागी संवाद: "अमुक शब्दाला पुढचं चित्र". फिरत राहणारे तुकडे असले की नट ओळ विसरून मध्येच थांबला तरी मागची मशाल जळत राहते, कोणाला काही कळत नाही.

या भांडणाला इतिहास आहे. झेक नेपथ्यकार योसेफ स्वोबोदा आणि दिग्दर्शक आल्फ्रेड रादोक यांनी 1958 च्या ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात चित्रफीत आणि जिवंत नट-नर्तक एकत्र आणले, लातेर्ना मागिका या नावाने. लोक थक्क झाले. पण फीत एकदा कापली की तिची गती ठरली, नटाला तिच्यामागे जावं लागतं. घुंगुरवाळीताई सांगतात तीच अडचण. आपल्याकडे आता लॅपटॉपने ती सोपी झालीय आणि तरी आपण लग्नाच्या व्हिडिओसारखी सलग फीत लावतो.

पुण्याचा पाहुणा
वाचतोय. एक शंका: जत्रेतली नाटकं रात्री उशिरा सुरू होतात ना? मग दहाच्या नियमाचं काय करता?

डेसिबल
चांगला प्रश्न. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम: रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. बंदिस्त सभागृहात, आतल्यापुरता आवाज असेल तर चालतो. सांस्कृतिक-धार्मिक प्रसंगांना राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण वर्षातून एकूण 15 दिवसांपर्यंतच. तीन बाजूंनी उघडा मंडप म्हणजे सभागृह नव्हे. अंत्रुजकर, तुमच्या जत्रेचा दिवस त्या यादीत बसतो का ते आत्ताच तालुक्याला विचारून घ्या.

पेडण्याचा गडी
म्हणजे दहानंतर आमच्यासारखं बिनमाइकचं करायचं. ऑर्गन-तबला वाजवा, गळा वापरा.

डेसिबल
तेही नाही हो. 2010 च्या दुरुस्तीत वाद्यंही आली, नुसते ध्वनिक्षेपक नव्हेत. निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल. माणसं नुसती कुजबुजली तरी तिथपर्यंत जवळपास पोचतात.

पेडण्याचा गडी
मग दशावतार करायचा कसा? पालखी आली की नाटक, असंच चालत आलंय.

अंत्रुजकर
आमच्याकडेही पालखी आटपेपर्यंत नऊ वाजतात. म्हणून यंदा पहिला अंक पालखीच्या आधी घ्यायचा विचार आहे. पुरोहित "बघूया" म्हणाले, म्हणजे नाही.

मडगावची माई
विषय भरकटतोय, पण तरी. गेल्या महिन्यात एका तियात्राला (कोंकणी संगीत-नाटकाला) गेले होते. मागे स्क्रीन, पुढे बाजूला बँड, ट्रम्पेट-सॅक्सोफोन-ड्रम. कांतार (गाणं) सुरू झालं की स्क्रीनवर फक्त एक रंग. प्रवेश सुरू झाला की घराची भिंत. बास. गाणाऱ्याकडेच लक्ष राहिलं. तियात्राची सुरुवात 1892 ला मुंबईत झाली म्हणतात, पण प्रेक्षकाला कुठे बघायला लावायचं ते या लोकांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

मधला पडदा
माई, एकदम पटलं. पण मग अंत्रुजकरांच्या किल्ल्याला आग कशी लावायची? पोरांचा जीव त्या आगीत अडकलाय.

विंगेतला
आग आवाजाने लावा. भिंतीवर आग दाखवू नका. भिंत काळी, खालून लालसर उजेड किंचित थरथरणारा, विंगेतून थोडा धूर, आणि तडतड आवाज मुख्य स्पीकरमधून नको, रंगमंचाच्या मागे एक छोटा स्पीकर ठेवून तिथून. लांबून येणारा आरडाओरडाही तिथूनच. पुढच्या स्पीकरमधून आला की आग प्रेक्षकांत लागल्यासारखी वाटते. भिंतीवर शेवटी एकदाच, नट पाठमोरा वळतो तेव्हा, जळालेला बुरूज, थांबलेलं चित्र.

दाराची कडी, तोफ, दवंडी, सगळ्याला हेच लागू. जिथे घडतं तिथून वाजू द्या. आणि कृपा करून कोणाच्या ब्लूटूथ स्पीकरवर तलवारी वाजवू नका. तो 100-200 मिलिसेकंद उशिरा वाजतो. तलवार आपटते, मग थोड्या वेळाने खणकते.

पात्रांव
आमच्याकडे मेलेला उठून बसल्यावर तोफ वाजली होती. ब्लूटूथ नव्हतं, ऑपरेटर चहा पीत होता.

घुंगुरवाळी
रेकॉर्डेड पार्श्वसंगीताबद्दल कोणी बोललं नाही. अंत्रुजकरदादा, ऑर्गन-तबला काढू नका. वाजवणारा माणूस नटाचा श्वास बघून थांबतो. फाइल थांबत नाही. वातावरणासाठी, म्हणजे पाऊस, रातकिडे, लढाईचा गोंधळ, यासाठी रेकॉर्डिंग वापरा. भावनेच्या जागा पेटीवाल्यावर सोडा.

अंत्रुजकर
आमचे पेटीवाले काका पंचाहत्तरीचे आहेत. त्यांना हे वाचून दाखवलं. म्हणाले, "बाईंक म्हजो नमस्कार सांग."

आता पुन्हा मूळ मुद्द्यावर. काल समितीची बैठक झाली. ठरलं असं (म्हणजे ओरडून ठरलं): भिंत येणार, पण दरबार आणि तुरुंग रंगवलेल्या पडद्यावरच. पडदे भिंतीच्या पुढे टांगायचे, वर ओढून घेता येतील असे. भिंत उघडते ती फक्त दुसऱ्या अंकाच्या शेवटापासून. पोरं नाराज आहेत, देणगीदारांना अजून फोन केलेला नाही. मधला पडदा, तुम्हाला यात काय वाटतं?

मधला पडदा
मला वाटतं तुम्ही दोन्हीचं वाटोळं करताय. :) पडद्यापुढे जवळजवळ दोन अंक खेळलेला नट अचानक भिंतीपुढे आला की लोक "वा" म्हणतील ते भिंतीला. एकतर सुरुवातीपासून भिंत, गडद आणि स्थिर, नाहीतर अजिबात नाही.

विंगेतला
मी उलट म्हणतो. उशिरा उघडली तर तिला काही अर्थ येतो. मात्र पडदा पॅनलांना घासता कामा नये, आणि पडद्यामागे भिंत पूर्ण काळी आणि बंद हवी. चालू राहिली तर जुन्या कापडातून ठिपके चमकतात.

पेडण्याचा गडी
तुम्ही दोघं फोंड्याला जाऊन भांडा. मी बघायला येतो.

अंत्रुजकर
बरं, भांडण चालू ठेवा, पण माझा पुतण्या चित्रं बनवायला बसलाय. फाइल कुठल्या मापाची? तो म्हणतो फोर-के.

विंगेतला
फोर-के कशाला? पी 3.9 चं एक पॅनल 500 बाय 500 मिलिमीटरचं, त्यात 128 बाय 128 ठिपके. तुमची सोळा फूट बाय दहा म्हणजे दहा पॅनल आडवी, सहा उभी. एकूण 1280 बाय 768. तेवढ्याच मापाचं बनव म्हणावं. फोर-के दिलं तर लॅपटॉप अडखळेल आणि बारीक रेघा लुकलुकतील. आणि लॅपटॉपपासून भिंतीच्या प्रोसेसरपर्यंत अंतर किती? साधी एचडीएमआय 10-15 मीटरच्या पुढे बेभरवशाची. ऑपरेटर प्रेक्षकांच्या मागे बसणार असेल तर एसडीआय केबल किंवा कॅट-6 (नेटवर्कच्या) केबलवरचा एक्स्टेंडर मागवा.

डेसिबल
आणि भिंत, लाइट आणि साउंड एकाच फेजवर घेऊ नका. डिमरची (लाइट कमी-जास्त करणाऱ्या यंत्राची) गुणगुण स्पीकरमध्ये उतरते. ती घालवायला कोणी प्लगची अर्थिंगची पिन काढायला सांगेल, ते ऐकू नका, ओल्या मंडपात माणूस चिकटेल. डीआय बॉक्सवर (लॅपटॉप किंवा वाद्य मिक्सरला जोडायच्या डबीवर) ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते वापरा. लॅपटॉप चार्जरवर असताना घरघर येत असेल तरी तोच उपाय.

अंत्रुजकर
लिहून घेतलं. जनरेटरवाला म्हणतो एकाच मशीनवर सगळं ओढेल.

डेसिबल
किती केव्हीए? म्हणजे ताकद किती?

अंत्रुजकर
"मोठा आहे" म्हणाला.

डेसिबल
त्याचा नंबर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मीच बोलतो.

मडगावची माई
आणि नाटकाची तारीख टाका की. आम्ही चार-पाच जणी कदंबाच्या बसने येऊ, परतीची बस किती वाजता ते पण सांगा.